पुण्याचा जुना बाजार: घेऊन विकायला खरंच परवडतं का? तीन वर्षं दर रविवारी जाऊन आलेला अनुभव

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणींनी मला विचारलं की ताई तू जुन्या बाजारातून वस्तू आणून विकतेस, त्यात खरंच पैसे सुटतात का, आम्ही पण चालू करू का. प्रत्येकीला वेगळं वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मी काही अँटिकची जाणकार नाही, धायरीला राहते, अर्धवेळ नोकरी करते आणि गेली तीन वर्षं पाऊस सोडला तर जवळपास दर रविवारी तिथे जाते. माझं मत एका ओळीत हवं असेल तर बाजाराला पाचपैकी चार, आणि धंदा म्हणून पाचपैकी तीन. आता हा एक मार्क मधे कुठे गेला ते सांगते.

आधी जागा. मंगळवार पेठेतला जुना बाजार, कुंभारवेशीकडून पुढे आलं की शाहीर अमर शेख चौकाच्या बाजूला रस्त्याकडेला रविवारी आणि बुधवारी भरतो तो. हल्ली मेट्रोच्या मंगळवार पेठ स्टेशनवरून चालत पण जाता येतं, मी मात्र ॲक्टिव्हाच नेते कारण येताना पायाशी पंधरा किलो पितळ असतं. रविवारी माल जास्त आणि माणसं पण जास्त, बुधवारी माल कमी पण बोलायला निवांत, नवीन माणसाने पहिले दोन-तीन बुधवार नुसतं बघायला जावं असं मला वाटतं. काही न घेता. हे अवघड आहे मला माहितीये पण करा.

मी यात पडले त्याला कारण आहे. सासूबाईंच्या माहेरचा नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा वरच्या माळ्यावर दोन घंगाळं, एक बंब, पाणी भरायची तांब्याची पिंपं, परातींचा ढीग, एक कासंडी, चौफुला, कायकाय होतं. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ते कुठे ठेवणार म्हणून भंगारवाल्याला बोलावलं, त्याने ताणकाटा लावला आणि अर्ध्या तासात सगळं मोडीत गेलं. सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत. नंतर सहा-सात महिन्यांनी एका मोठ्या दुकानात तसंच घंगाळ बघितलं, आत शोभेचं झाड लावलेलं आणि त्यावरची किंमत बघून माझा जीव तुटला, पैशासाठी नाही फक्त, पण आपल्याकडे ते होतं आणि आपण त्याला फक्त वजन समजलो म्हणून. त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा जुन्या बाजारात गेले.

पहिले चार महिने मी पैसे घालवले. हे स्पष्ट सांगते कारण जो तो फक्त नफ्याचे फोटो टाकतो. मला वाटायचं की रेडिओ, कॅमेरे, घड्याळं यातच खरा पैसा आहे, दिसायला सुंदर, फोटो छान येतात. एक लाकडी खोक्याचा मर्फी रेडिओ घेतला, या कंपनीचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता त्यामुळे आपल्याकडच्या घरांमधून हे रेडिओ अजून निघतात. घरी आणून सरळ प्लगला लावला आणि जळका वास आला. नंतर तपकीर गल्लीतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी समजावलं की व्हॉल्व्हच्या रेडिओत आत दोनशे व्होल्टच्या वर डीसी फिरतं, जुने कपॅसिटर वाळून गेलेले असतात, असा सेट वर्षानुवर्षं बंद असला की थेट वीज द्यायचीच नाही, आणि प्लग काढल्यावरही आत झटका बसू शकतो म्हणून पाठ उघडून हात घालायचा नाही. दुरुस्तीला जेवढे लागले त्यात माझा नफा तर गेलाच, मूळ रक्कम पण पूर्ण सुटली नाही.

घड्याळाचं तर अजून वाईट झालं, ते बाजारातून नाही, ऑनलाइन एका ग्रुपवरून घेतलं होतं. एचएमटी पायलट, अगदी नवीकोरी डायल, फिरोजी रंग, मी खुश. एचएमटीचं घड्याळ म्हणजे आपल्या वडिलांच्या मनगटावरचं, १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला कारखाना चालू झाला आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळाची कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून लोक शोधत असतात. पण मागणी वाढली की नकलाही वाढतात. माझ्या घड्याळाची डायल पुन्हा रंगवलेली, केस एका मॉडेलची, काटे दुसऱ्या मॉडेलचे. ज्याने विकलं त्याने ‘ओरिजिनल’ लिहिलं होतं, नंतर फोन उचलला नाही. आता मला कळतं की इतक्या जुन्या घड्याळाची डायल कोऱ्या कागदासारखी दिसली तर तिथेच थांबायचं, अक्षरं भिंगातून बघायची, कडा पसरलेल्या असतील तर रंगकाम झालेलं आहे. पिवळी पडलेली, डाग पडलेली पण मूळ डायल असलेली ‘जनता’ मला जास्त आवडते, देवनागरीत नाव असलेली मिळाली तर फारच. पण मी घड्याळं आता विकायला घेत नाही. दुरुस्तीचं मला काही कळत नाही आणि जे कळत नाही ते विकताना आपण नकळत खोटं बोलतो.

मग माझी गाडी रुळावर आली ती एका मावशींमुळे. पथारीवर पितळी डबे मांडून बसलेल्या असतात, मूळच्या बोहारीण, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा त्यांचा घरचा धंदा. कडी-कोयंड्याचा एक डबा होता, मी विचारलं,

“मावशी, हा कसा दिला?”

“अठराशे.”

“अहो मोडीत घातला तर हजार पण नाही यायचे.”

“ताई, मोडीत घालायचा असता तर मी हितं उन्हात कशाला बसले असते? मोड म्हंजी त्याची जमीन. त्याच्या खाली त्यो जात न्हाई. वर किती जाईल ते तुमी ठरवा.”

मी तो डबा साडेबाराशेला घेतला, दोन किलो शंभर ग्रॅम भरला. त्या आठवड्यात पितळेची मोड ४८० रुपये किलो होती, म्हणजे उद्या कोणीच घेतला नाही तरी हजार रुपये कुठे जात नाहीत, माझी जोखीम अडीचशेची. पोचे काढायला दोनशे दिले, दोन संध्याकाळ चिंच आणि पितांबरी लावून घासला आणि सव्वीसशेला विकला. खर्च वजा जाता ११५०. रेडिओचं असं नाही ना, बंद पडलेल्या रेडिओला जमीनच नाही, तो थेट शून्यावर येतो. मावशींचं ते वाक्य मी कधी विसरले नाही, आजही कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी मनात विचारते याची जमीन कुठे आहे.

तेव्हापासून माझा ऐंशी टक्के माल तांबं, पितळ आणि कासं. आणि त्यातही स्वयंपाकघरातला. कारण दुसरी गोष्ट अशी की बाजारात ज्यांच्याकडे माल येतो त्यातल्या बऱ्याच जणांना तो वजनाने येतो, भंगारवाल्यांकडून, रिकाम्या होणाऱ्या घरांमधून. त्यांना ती वस्तू कशाची आहे ते माहीत असतंच असं नाही. तरुण पोरगा बसलेला असतो, त्याच्यासमोर पुरणयंत्राचं खालचं अर्धं पडलेलं असतं आणि वरचं अर्धं तिसऱ्याच पथारीवर असतं. मी दोन्ही जोडून आणलीयेत, एकदा नाही तीनदा. सोऱ्या असतो पण आतल्या चकत्या हरवलेल्या, शेवेची, चकलीची, पापडीची अशा चकत्या डब्यातल्या खिळ्या-मोळ्यांमध्ये सापडतात, दहा-वीस रुपयाला. चकत्यांसकट सोऱ्या आणि चकत्यांशिवाय सोऱ्या यात दुप्पट फरक पडतो. अडकित्त्याचं पातं नीट बसतं का बघा, मिटल्यावर मधे उजेड दिसायला नको. समईचे भाग वेगळे होतात, मधल्या दांड्याचे आटे झिजलेत का बघा, समई डुलत असेल तर लोक घेत नाहीत, दिवा आहे ना शेवटी. हे ज्ञान आपल्या आया-आज्यांकडे आहे, कुठल्या कोर्सची गरज नाही, आणि इथेच आपल्याला दुसऱ्या विकणाऱ्यांपेक्षा पुढे जाता येतं असं मला मनापासून वाटतं.

तपासायचं कसं, तर पर्समध्ये एक लोहचुंबक ठेवा, छोटंसं, फ्रिजवरचं पण चालतं. पितळ-तांब्याला ते चिकटत नाही, चिकटलं म्हणजे लोखंडावर मुलामा आहे. वस्तू उलटी करून तळ बघा कारण वर सगळे घासतात, तळ कोणी घासत नाही. टिचकी मारा, कासं खणखणीत आणि लांब वाजतं, तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं, चिनी मातीच्या बरणीचंही तेच. बरण्यांना तर घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवायचं, सकाळी कागद ओला असेल तर ती बरणी लोणच्यासाठी म्हणून विकायची नाही, छत्री ठेवायला म्हणून विका, तसं सांगून. तांब्याच्या जुन्या भांड्यांना कधीकधी दातेरी सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत दात बसवून जोडलेले, तो दिसला की हाताने केलेलं काम समजायचं. लेथवर केलेल्या भांड्याला आतून गोल गोल एकसारख्या रेषा असतात. हाताचं मठारकाम बघायचं असेल तर इथून तांबट आळी जवळच आहे, कसबा पेठेत, तिथे एकदा उभं राहून हातोड्याचा आवाज ऐका आणि ठोके कसे पडतात ते बघा, मग जुन्या बाजारात मठारलेलं खरं आणि साच्याने खड्डे पाडलेलं खोटं हे दोन मिनिटांत कळतं. पोचे काढायचं काम मी तिथेच देते.

खोट्या जुन्या वस्तूंपासून सांभाळा हे सगळेच सांगतात, पण नेमकं कशापासून ते कोणी सांगत नाही. मोठं चकचकीत पितळी कर्ण्याचं ग्रामोफोन, आठ कोनी लाकडी पेटी, पुढे कुत्र्याचं चित्र, हे जवळजवळ नेहमी नवीन जुळवाजुळव असते, आतलं यंत्र एखाद्या साध्या पेटीतल्या ग्रामोफोनमधून काढलेलं. दिवाणखान्यात ठेवायला घेतलं तर घ्या, पण विकायला नको. तसंच ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखवतात त्या दुर्बिणी, होकायंत्र, तलवारीची मूठ. मुरादाबादला पितळेचं एवढं मोठं काम चालतं, तिथून नवीन माल येतो आणि रसायनाने काळा-हिरवा केला जातो. खरं जुनेपण असमान असतं, जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत आणि उजळ, खाचेत काळं. सगळीकडे सारखंच काळं असेल तर संशय घ्या. पत्र्याच्या जुन्या मुलामा दिलेल्या जाहिरातीच्या पाट्या पण हल्ली नव्या करून येतात, खऱ्या पाटीचा मुलामा खिळ्याच्या भोकाभोवती टवका उडालेला असतो आणि हात फिरवला की थर जाणवतात.

मूर्ती मी घेत नाही. कितीही सुंदर असली, कितीही स्वस्त असली तरी नाही. एकतर ती कुठल्या गावच्या देवळातून आलीये ते आपल्याला माहीत नसतं आणि मला ते पाप नको. दुसरं म्हणजे कायदा. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांच्या वरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते, हस्तलिखितं वगैरे पंचाहत्तर वर्षांवरची, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, देशाबाहेर तर खाजगी माणसाला पाठवताच येत नाही. म्हणून कोणी पोथ्यांचं बोचकं दाखवलं तर हात जोडते. न्यू जर्सीच्या एका ताईंनी माझ्याकडून समई मागवली होती, ती साधी, वीसेक वर्षांपूर्वीची, त्यावर साल घातलेलं होतं म्हणून मी बिनधास्त दिली, त्यांचे भाऊ बॅगेतून घेऊन गेले. पण वय ठरवता येत नसेल आणि वस्तू भारी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, ते न करता पाठवू नका.

नाणी आणि नोटा पण नको. मला दर महिन्याला एखादा मेसेज येतो की ट्रॅक्टरची पाच रुपयाची नोट आहे, लाखात जाते ना. नाही जात हो. या नावाखाली लोकांकडून आधी कमिशन, टॅक्स म्हणून पैसे उकळतात, रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की आमचा अशा व्यवहाराशी काही संबंध नाही. माझ्या सोसायटीतल्या एका आजोबांचे असेच पैसे गेलेत, त्यामुळे हे जरा ओरडून सांगते.

आणि चोरीचा माल. जुन्या बाजाराबद्दल लोक नाक मुरडतात ते यासाठीच, पण तिथे पिढ्यानपिढ्या बसणारी कष्टाची माणसं आहेत आणि मला त्यांच्याबद्दल कोणी सरसकट बोललेलं आवडत नाही. तरी आपली काळजी आपण घ्यायची. नवीकोरी वस्तू, खोकं नाही, बिल नाही, भाव अर्ध्याच्या खाली आणि विकणारा घाईत, एवढं एकत्र दिसलं की पुढे चालायचं. नळ, मोटार, केबल असलं काही नको. चोरीची वस्तू आहे हे कळण्यासारखं असताना घेतली तर घेणाराही गुन्हेगार होतो, भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम. मोबाइल मी घेत नाही पण कोणाला घ्यायचाच असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक काढा, मग केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ ला मेसेज करा, हँडसेट काळ्या यादीत आहे का ते लगेच समजतं. विकणारा नंबर काढू देत नसेल तर विषय संपला.

भाव करण्याबद्दल थोडं. मी सकाळी पथाऱ्या लागत असतानाच जाते, भवानीच्या वेळी. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं म्हणून भाव जरा सैल मिळतो, पण त्याचा गैरफायदा घेऊ नका, भवानीला उगाच चौथाई भाव सांगून निघून गेलात तर पुढच्या वेळी तुमच्याशी कोणी बोलणार नाही. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं मला पटत नाही. मी सरळ सांगते की काका मी विकायला घेते, मला एवढ्याला परवडेल, नाहीतर राहू द्या. सुरुवातीला वाटायचं की हे सांगितलं तर भाव वाढवतील, झालं उलटं, आता तीन-चार जण माझ्यासाठी माल बाजूला काढून ठेवतात, फोन करतात, “ताई, चौफुला आलाय, झाकणाचा मोर शाबूत आहे.” सुट्टे पैसे न्या, यूपीआय बहुतेकांकडे आहे पण रोखीला भाव वेगळा. मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात, गर्दी खूप असते. पाण्याची बाटली, जुनी चादर, दोन जाड पिशव्या, टॉर्च. कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी आहे का ते टॉर्चनेच कळतं, आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हमखास असते. कधीतरी एखादा अग्फा क्लिक थ्री मी घेते, त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही आणि त्याचा १२० नंबरचा फिल्मचा रोल अजून मिळतो, बारा चौकोनी फोटो येतात, कॉलेजची मुलं आवडीने घेतात.

आता विकताना. इथे मला खूप सांगायचंय कारण इथेच लोक घसरतात.

पितळी भांडं कोणी स्वयंपाकाला घेणार असेल तर कल्हई आहे का हे मी स्पष्ट लिहिते. बिन-कल्हईच्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं, चव तर जातेच आणि पोटाला पण वाईट. कल्हई म्हणजे आतून कथलाचा थर, भांडं तापवून नवसागर टाकतात, भस्सकन पांढरा धूर येतो आणि मग कथील कापसाने फिरवतात. कथील २३२ अंशाला वितळतं म्हणून गिऱ्हाइकाला सांगते की रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरू नका, थर गोळा होऊन जातो. आणि ज्या भांड्याला जुना डाख लावलेला आहे, राखाडी मऊ धातूचा ठिगळ दिसतो तो, त्यात शिसं असू शकतं, ते भांडं मी फक्त शोभेला म्हणून विकते, भाव कमी आला तरी. एकीने विचारलं होतं की कशाला सांगतेस, कोणाला कळणार आहे. पण तिच्या घरी लहान बाळ असेल तर? माझ्याकडून घेतलेल्या पातेल्यात कोणीतरी खीर करणारे, मला हे डोळ्यासमोर येतं.

‘अँटिक’ हा शब्द मी वापरत नाही. ‘जुनं’ लिहिते, वजन लिहिते, उंची-रुंदी लिहिते, पोचे-ठिगळांचे वेगळे फोटो टाकते. चार फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी, फ्लॅश नाही. संग्राहक लोकांना घासलेलं नको असतं आणि घरगुती गिऱ्हाइकाला चकचकीत हवं असतं, म्हणून घासायच्या आधी एक फोटो टाकून दोन दिवस थांबते, एकदा घासलं की परत येत नाही ते काळसरपण.

नावाचं सांगायचंच राहिलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, कोणाचं लग्न, कोणाची मुंज, कोणी दिलं, कधीकधी तारखेसकट. बाजारात काही जण ते घासून टाकतात कारण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव नको असतं. मी आजवर एकाही भांड्यावरचं नाव काढलेलं नाही आणि काढणार पण नाही. फोटो टाकताना पूर्ण नाव झाकते, कुणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर यायला नको, पण भांड्यावर ते तसंच राहतं. पहिल्या वर्षी यामुळे तीन-चार विक्री गेल्या. आता मात्र लोक विचारतात, नाव घातलेलं काही आहे का, साल आहे का. एका परातीवर ‘मावशीकडून’ एवढंच होतं, ती सगळ्यात आधी गेली.

मागच्या महिन्याचा हिशोब देते. चार रविवार, खरेदी ९,४०० रुपये, विक्री १७,८००. पेट्रोल, कल्हई, पोचे, पॅकिंग, पार्सल मिळून २,९०० गेले. हातात ५,५०० उरले आणि दोनेक हजाराचा माल अजून घरात आहे. चांगलं वाटतं ना ऐकायला? आता तास मोजा, बाजार, घासणं, फोटो, मेसेजला उत्तरं, पार्सल नेऊन देणं, साधारण साठ तास. तासाला नव्वद रुपयांच्या आसपास. धंद्याला तीन मार्क दिले ते म्हणून. यावर घर चालणार नाही, मुलाच्या क्लासची फी निघते. आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने यापेक्षा बरे जातात, मे-जून अगदी थंड. शिवाय एका पार्सल सेवेने माझी एक बरणी फोडून दिली आणि भरपाई काही मिळाली नाही, तेव्हापासून चिनी माती मी पार्सल करतच नाही, घरी येऊन घेऊन जा म्हणते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा सुचली आणि ती सगळ्यात जास्त परवडली, भाड्याने देणं. खाण्याचे फोटो काढणारी मुलं-मुली आहेत त्यांना ओगराळं, वेळणी, खलबत्ता, जुना तांब्या असलं दोन दिवसांसाठी हवं असतं. डोहाळजेवणाला, मंगळागौरीला मांडणीसाठी घंगाळ, समया, पितळी डब्यांची उतरंड लागते. एकच घंगाळ माझं वर्षात नऊ वेळा जाऊन आलंय आणि अजून माझंच आहे. अनामत रक्कम घेते, नेताना आणि आणताना दोघांसमोर फोटो काढते. नवीन चालू करणारीने विक्रीच्या आधी हे करून बघावं, एवढं मी ठामपणे सांगते.

बाजाराचा जो एक मार्क कापला तो सोयींसाठी. उन्हात बसलेल्या त्या बायकांना सावली नाही, वाहनं मधूनच जातात, माझ्यासारख्या बाईने चार तास तिथे काढायचे तर आधीच सगळं उरकून यावं लागतं. लहान मुलांना नेऊ नका, गंजलेला पत्रा, काच सगळीकडे असतं, मी स्वतः बूट घालूनच जाते.

पुढच्या रविवारी मला दोन घंगाळं आणि एक मोठं तपेलं कल्हईला द्यायचंय. आमचे नेहमीचे कल्हईवाले चाचा गावी गेलेत, वय झालंय, परत येतील का माहीत नाही, मुलगा रिक्षा चालवतो. सिंहगड रोड, धायरी, वडगाव या बाजूला कोणाकडे कल्हईवाले येत असतील तर मला जरूर कळवा, मोठं भांडं फिरवू शकणारे हवेत, छोट्या वाट्यांवाले नकोत.